कॅमेरा तपासतो, मग माणूस कशाला?

प्रश्न : माझी मुलगी डिप्लोमा करून भोसरीच्या एका कारखान्यात सर्किट बोर्डांच्या लाइनवर लागली आहे. बोर्ड तपासायला तिथे कॅमेऱ्याचं मोठं यंत्र आहे. यंत्राने ‘चूक’ ठरवलेली प्रत्येक जागा ती पडद्यावर पुन्हा पाहते आणि बहुतेक वेळा ‘बरोबर’चं बटण दाबते. म्हणजे एवढं महागडं यंत्र दिवसभर चुकतं आणि माझी मुलगी त्याच्या चुका निस्तरते, असंच ना? मग यंत्र घेतलंच कशाला? आणि उद्या ते हुशार झालं, तर मुलीच्या नोकरीचं काय? (एक पालक, चिंचवड)

उत्तर : नोकरीचं शेवटी बोलू, कारण त्याचं उत्तर बाकीच्या उत्तरांतून निघतं. आधी यंत्राविषयी. या यंत्राला लाइनवर सगळे ‘एओआय’ म्हणतात. ते चुकतं असं तुम्हाला वाटतं, पण खरं तर त्याला मुद्दाम संशयी ठेवलेलं असतं.

तपासणाऱ्याच्या हातून दोन तऱ्हेच्या चुका होतात. चांगल्या बोर्डाला वाईट म्हणणं ही एक. लाइनवर त्याला ‘फॉल्स कॉल’ म्हणतात. वाईट बोर्डाला चांगलं म्हणून पुढे सोडणं ही दुसरी, तिचं नाव ‘एस्केप’. पहिल्या चुकीची किंमत म्हणजे तुमच्या मुलीचे काही सेकंद. दुसरीची किंमत गाडीच्या ब्रेकचं नियंत्रण करणाऱ्या बोर्डात किंवा रुग्णाच्या उशाशी असलेल्या उपकरणात मोजावी लागते. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. म्हणून यंत्राच्या मर्यादा अशा बसवतात, की शंका आली तर त्याने बोर्ड अडवावाच.

आता हिशेब करून पाहू. आकडे समजुतीपुरते घेतो. समजा, एका बोर्डावर सोल्डरचे 2000 जोड आहेत आणि एका पाळीत 1500 बोर्ड निघतात. म्हणजे पाळीत 30 लाख जोड तपासले गेले. दर दहा लाख जोडांमागे खरे दोष 20 धरले, तर पाळीत 60 जोड खरोखर वाईट निघतील. यंत्राने दर दहा लाखांत फक्त 500 चांगले जोड चुकून अडवले, तर त्यांची संख्या होते 1500. मुलीच्या पडद्यावर एकूण 1560 इशारे येतील आणि त्यांतले 60 खरे असतील, म्हणजे 26 मध्ये एक. चांगला जोड ओळखण्यात यंत्र दहा लाखांत केवळ 500 वेळा चुकलं, तरीही तिला जवळपास प्रत्येक वेळी ‘बरोबर’च दाबावं लागतं. दोष मुळातच दुर्मीळ असले की शोधणारा चांगला असला तरी त्याचे बहुतेक इशारे खोटे निघू शकतात.

धोका आहे तो इथेच. आठ तासांत 1560 इशारे म्हणजे साधारण दर 18 सेकंदांना एक. लागोपाठ पंचवीस वेळा ‘बरोबर’ दाबलेलं बोट सव्विसाव्या वेळी आपोआप तिकडेच जातं. मग यंत्राने नीट पकडलेला दोष माणसाच्या हातून निसटतो. म्हणून फॉल्स कॉल कमी करण्यावर कारखाने इतकी मेहनत घेतात. थोडे सेकंद वाचवण्यापेक्षा त्या 60 खऱ्या इशाऱ्यांकडे ताज्या नजरेने पाहिलं जावं, हे त्यात जास्त महत्त्वाचं असतं.

प्रश्न : फोन नेहमीच्या कॅमेऱ्याने नीट फोटो काढतो. मग बोर्डाचा एक फोटो काढून तो चांगल्या बोर्डाच्या फोटोशी जुळवला की काम झालं, नाही का? (अकरावीची विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : सुरुवातीची यंत्रं साधारण हेच करत, आणि आजही त्याचा काही भाग तसाच चालतो. पण अडचणी आकारापासूनच सुरू होतात. बोर्डावरचे रेझिस्टर आणि कपॅसिटर आता अनेकदा 0.6 बाय 0.3 मिलिमीटरचे असतात. त्याहून लहान जातीचा भाग 0.4 बाय 0.2 मिलिमीटरचा, म्हणजे बारीक रव्याच्या कणाएवढा. त्याच्या दोन टोकांना सोल्डर नीट चढलंय का, हे पाहायचं तर चित्रातला एक ठिपका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास हवा. एवढ्या बारकाईने अख्खा बोर्ड एका फोटोत मावत नाही. म्हणून कॅमेरा बोर्डावर सरकत सरकत तुकड्या-तुकड्यांचे फोटो घेतो.

बोर्ड यंत्रात दर वेळी तंतोतंत एकाच जागी थांबत नाही. म्हणून बोर्डाच्या कोपऱ्यांजवळ तांब्याचे छोटे गोल ठिपके ठेवलेले असतात. त्यांना ‘फिड्युशियल’ म्हणतात. यंत्र आधी ते शोधतं, बोर्ड किती सरकलाय, किती फिरलाय, किती ताणलाय हे काढतं, आणि मगच प्रत्येक भाग कुठे असायला हवा हे ठरवतं. भिंगही वेगळं असतं. फोनच्या भिंगातून कडेच्या उंच वस्तू तिरप्या दिसतात. इथे बहुधा टेलिसेंट्रिक भिंग वापरतात. त्यातून मधला भाग आणि कडेचा भाग दोन्ही सरळ वरून पाहिल्यासारखे दिसतात.

पण खरी करामत प्रकाशाची आहे. वितळून घट्ट झालेलं सोल्डर आरशासारखं चमकतं. साध्या प्रकाशात त्याचा फोटो म्हणजे पांढरे-काळे डाग. जपानच्या ओमरॉन कंपनीने रूढ केलेली युक्ती अशी : कॅमेऱ्याखाली लाल, हिरव्या आणि निळ्या दिव्यांची वर्तुळं वेगवेगळ्या उंचीवर लावायची. लाल सगळ्यात वर, निळं सगळ्यात खाली. सपाट पृष्ठभाग वरचा लाल प्रकाश थेट कॅमेऱ्यात परतवतो, मध्यम उतार हिरवा परतवतो आणि तीव्र उतार निळा. म्हणजे पृष्ठभागाचा उतारच फोटोत रंग होऊन उतरतो. चांगल्या जोडात सोल्डर भागाच्या टोकावर चढतं आणि खाली पॅडकडे, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या जागेकडे, वळण घेत उतरतं. त्यामुळे तिथे निळा, हिरवा, लाल असे पट्टे क्रमाने दिसतात. सोल्डर कमी पडलं असेल तर ती जागा सपाट लाल दिसते. यंत्राला ‘जोड चांगला आहे का’ हे कळत नाही, पण ‘या चौकटीत निळा किती टक्के’ हे बरोबर मोजता येतं. आणि कुठली चौकट मोजायची, किती टक्क्यांना अडवायचं, हे माणसाने ठरवून दिलेलं असतं.

वरून पाहिलं तर उंची कळत नाही. आयसी चिपचा एक पाय मिलिमीटरच्या दहाव्या भागाने वर उचललेला असेल तर सरळ वरून तो जागेवरच दिसतो. त्यासाठी नव्या पिढीची यंत्रं बोर्डावर प्रकाशाचे समांतर पट्टे टाकतात, ते थोडे थोडे सरकवून अनेक फोटो घेतात आणि पट्टे कुठे किती वाकले यावरून प्रत्येक बिंदूची उंची काढतात. उंच भागाची सावली शेजारच्या भागावर पडू नये म्हणून हे पट्टे चहूबाजूंनी टाकावे लागतात. 2002 मध्ये सुरू झालेली दक्षिण कोरियाची कोह यंग ही कंपनी याच तंत्रावर मोठी झाली. तिचा पहिला भर मात्र जोडांवर नव्हता, कच्च्या सोल्डर पेस्टची उंची मोजण्यावर होता. असं का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : सगळा बोर्ड तयार झाल्यावर चुका शोधण्यात काय हशील? आधीच शोधता येत नाहीत का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : येतात, आणि चांगल्या लाइनवर शोधतातच. बोर्ड कसा भरला जातो ते थोडक्यात पाहा. आधी पोलादी पत्र्याचं स्टेन्सिल बोर्डावर ठेवून त्याच्या छिद्रांतून सोल्डर पेस्ट छापतात. हा पत्रा साधारण 0.1 ते 0.15 मिलिमीटर जाडीचा असतो. मग पिक अँड प्लेस यंत्र रिळांमधून भाग उचलून पेस्टवर ठेवतं. नंतर बोर्ड रिफ्लो ओव्हनमधून जातो, पेस्ट वितळते आणि भाग पक्के बसतात. आज सर्रास वापरलं जाणारं शिसेविरहित सोल्डर 217 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतं आणि ओव्हनमधलं सर्वोच्च तापमान साधारण 235 ते 250 अंशांपर्यंत नेतात.

ओव्हनमधून बाहेर पडल्यावर दिसणाऱ्या बऱ्याच दोषांचं मूळ छपाईत असतं. स्टेन्सिलचं छिद्र बुजलं तर त्या जागी सोल्डर कमी पडतं. स्टेन्सिल खालून पुसलं गेलं नाही तर पेस्ट पसरते आणि दोन पाय एकमेकांना चिकटून शॉर्ट होतात. म्हणून छपाईनंतर लगेच पेस्टचं घनफळ मोजणारं ‘एसपीआय’ यंत्र बसवतात. इथे दोष सापडला तर बोर्ड धुऊन पुन्हा छापता येतो, खर्च नगण्य. तोच दोष ओव्हननंतर सापडला तर सोल्डरिंग आयर्न घेऊन एकेक भाग काढायला माणूस बसवावा लागतो. डब्यात बंद झाल्यावर सापडला तर डबा उघडणं आलं, आणि ग्राहकाकडे सापडला तर त्याचा खर्च पैशांत मोजून संपत नाही.

नुसतीच पुसट पेस्ट पकडून एसपीआय थांबत नाही. छपाई सतत एका बाजूला सरकते आहे असं दिसलं, तर ते मागच्या छपाई यंत्राला तेवढी दुरुस्ती कळवतं. दोष व्हायच्या आतच वळणावर आणणारी ही तपासणी सगळ्यात स्वस्त.

हाच विचार बोर्ड भरण्याच्या आधीही लागू पडतो. अनेक थरांच्या बोर्डात आतल्या थरांवरच्या तांब्याच्या रेषा थर एकत्र दाबण्यापूर्वीच तपासतात, कारण एकदा थर दाबून चिकटवले की आतली तुटलेली रेष दुरुस्त करता येत नाही. ही तपासणी भागांच्या तपासणीपेक्षा जुनी आहे. तिच्यात इस्रायलच्या कंपन्या फार पूर्वीपासून आघाडीवर आहेत. ऑर्बॉट आणि ऑप्ट्रोटेक या दोन कंपन्या 1992 मध्ये एकत्र येऊन ऑर्बोटेक झाली, आणि 2019 मध्ये ती अमेरिकेच्या केएलए कंपनीने घेतली.

एक गंमत यात सांगायलाच हवी. भाग ठेवताना थोडा वाकडा पडला तरी घाबरायचं कारण नसतं. सोल्डर वितळलं की त्याचा पृष्ठताण भागाला ओढून पॅडच्या मध्यावर आणतो. पण एका टोकाचं सोल्डर दुसऱ्याच्या आधी वितळलं, तर तोच पृष्ठताण भागाला एका टोकावर उभा करतो. लाइनवर याला ‘टूम्बस्टोन’ म्हणतात. भाग जितका लहान आणि हलका, तितका तो उभा राहण्याची शक्यता जास्त. म्हणून ओव्हनच्या आधीच्या तपासणीने थोडं सरकणं चालवून घ्यायचं असतं आणि ओव्हननंतरच्या तपासणीने ते चालवून घ्यायचं नसतं. एकाच चित्राचा निकाल तो लाइनवर कुठे घेतला यावर बदलतो.

प्रश्न : मी बरीच वर्षं टीव्ही, रेडिओ दुरुस्त करतो. ड्राय सोल्डर आम्ही भिंगाने पकडायचो, चकचकीत असला तर जोड चांगला. आता यंत्राने तपासलेल्या बोर्डातही बिघाड येतातच. या यंत्राला काय दिसत नाही? (एक दुरुस्ती कारागीर, नाशिक)

उत्तर : आधी तुमच्या कसोटीबद्दल. युरोपीय संघाने 1 जुलै 2006 पासून विजेच्या बहुतेक उपकरणांतल्या शिशावर निर्बंध आणले आणि जगभरच्या कारखान्यांना सोल्डर बदलावं लागलं. जुनं कथील-शिशाचं सोल्डर 183 अंशांना वितळून गुळगुळीत, चकचकीत बसायचं. आताचं कथील, चांदी आणि तांब्याचं सोल्डर थंड होताना किंचित खरखरीत, मंद दिसतं, आणि तरीही जोड उत्तम असू शकतो. चकाकीवरून निकाल देण्याचे दिवस गेले.

आता यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टी. पहिली, जे झाकलेलं आहे ते. प्रोसेसरसारख्या चिपांचे जोड पोटाखाली सोल्डरच्या गोळ्यांनी केलेले असतात. कॅमेऱ्याला फक्त चिपची पाठ दिसते. तिथे क्ष-किरण यंत्र लागतं. ते सावकाश चालतं आणि महाग असतं, म्हणून बऱ्याचदा निवडक बोर्डांवरच वापरतात.

दुसरी, जे अंगावर लिहिलेलं नाही ते. सिरॅमिक कपॅसिटरवर बहुधा काहीच छापलेलं नसतं. रिळं लावताना अदलाबदल झाली आणि त्याच आकाराचा पण भलत्याच मूल्याचा कपॅसिटर बसला, तर तो जागेवर, सरळ, सुंदर जोडासह दिसेल आणि कॅमेरा त्याला खुशाल पास करेल. त्यासाठी बोर्डावर स्प्रिंगच्या सुया टेकवून प्रत्येक भागाचं मूल्य विजेने मोजावं लागतं, आणि शेवटी बोर्ड चालवून पाहावा लागतो.

तिसरी, तपासणी उरकल्यानंतर जे घडतं ते. बोर्ड बहुधा एका मोठ्या पॅनेलवर चार-सहाच्या गटाने तयार होतात आणि नंतर वेगळे करतात. ते हाताने वाकवून तोडले, तर कडेच्या सिरॅमिक कपॅसिटरला आतून तडा जाऊ शकतो. त्या दिवशी बोर्ड चालतो, काही महिन्यांनी तुमच्या दुकानात येतो. म्हणून एओआयचा हिरवा दिवा लागला म्हणजे बोर्ड चांगला ठरला असं समजू नका. त्याचा अर्थ एवढाच, की वरून दिसणारं, तपासायला सांगितलेलं आणि त्या क्षणीचं सगळं मर्यादेत होतं.

प्रश्न : पण मुळात ‘दोष’ ठरवतं कोण? प्रत्येक कारखाना आपापलं ठरवतो का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आयपीसी-ए-610 या नावाचा एक मापदंड जगभर पाळला जातो. त्यात चांगल्या-वाईट जोडांची चित्रं आणि मापं दिलेली असतात. वस्तूंचे तीन वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गात साधी, ‘चाललं म्हणजे झालं’ अशी उपकरणं. दुसऱ्यात, जी दीर्घकाळ नीट चालायला हवीत पण बंद पडली तरी जीव जात नाही अशी. तिसऱ्यात, जिथे बंद पडणं परवडतच नाही अशी, उदाहरणार्थ जीवरक्षक उपकरणं.

रेझिस्टरसारखा छोटा भाग पॅडच्या बाहेर बाजूला किती सरकलेला चालेल? पहिल्या दोन वर्गांत रुंदीच्या निम्म्यापर्यंत, तिसऱ्यात फक्त पावपर्यंत. म्हणजे भाग 40 टक्के बाहेर सरकलेला जोड लॅपटॉपमध्ये मान्य आणि पेसमेकरमध्ये अमान्य. तोच जोड, तोच फोटो. त्यामुळे यंत्राच्या मर्यादा बसवणाऱ्याला बोर्ड कुठे जाणार आहे हे माहीत असावंच लागतं.

प्रश्न : आता मूळ पत्रातला शेवटचा प्रश्न. कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर पडद्यापुढे बसणाऱ्या माणसाचं काय?

उत्तर : फॉल्स कॉल का येतात ते आधी पाहा. पुरवठादार बदलला आणि त्याच रेझिस्टरचा रंग किंवा छपाई थोडी वेगळी आली. सोल्डरमधल्या फ्लक्सचा थर चमकला. बोर्ड उष्णतेने किंचित वाकला. मोजून दिलेल्या नियमांना हे सगळं ‘वेगळं’ दिसतं आणि ते अडवतात. माणसाच्या नजरेला मात्र ‘वेगळं’ आणि ‘वाईट’ यांतला फरक कळतो. हजारो चित्रं पाहून शिकणारी प्रणाली हा फरक बऱ्यापैकी शिकते. म्हणून नव्या यंत्रांत तिला इशाऱ्यांची दुसरी चाळणी म्हणून बसवू लागले आहेत. नुसतं बटण दाबण्याचं काम त्यामुळे कमी होईल, हे खरं मानून चालावं.

पण या प्रणालीच्या दोन अडचणी तुमच्या मुलीच्या बाजूने उभ्या आहेत. शिकायला दोषांची चित्रं लागतात, आणि चांगल्या कारखान्यात दोष थोडेच होतात. नव्या तऱ्हेचा दोष तर प्रणालीने कधी पाहिलेलाच नसतो. दुसरी अडचण जास्त खोल आहे. ही प्रणाली शिकते ती माणसांनी दाबलेल्या बटणांवरून. पाळीच्या शेवटी थकलेल्या बोटाने खऱ्या दोषावर ‘बरोबर’ दाबलं, तर ते चित्र चांगल्या जोडाचं उदाहरण म्हणून साठतं. तीच चूक मग यंत्र कधीही न थकता करत राहतं. बटण दाबणाऱ्याच्या नजरेची किंमत त्यामुळे वाढते.

म्हणून मुलीला तीन गोष्टी सांगा. पहिली, एकाच जागी वारंवार येणारे इशारे वहीत टिपायचे आणि प्रोसेस इंजिनिअरला दाखवायचे. पंचवीस बोर्डांवर एकाच जागी इशारा आला तर बहुधा एक तर प्रोग्रॅमची मर्यादा चुकली आहे, नाहीतर स्टेन्सिलचं छिद्र बुजलं आहे. दोन्ही गोष्टी दुरुस्त होण्याजोग्या आहेत आणि दोन्ही आधी तिलाच दिसणार आहेत. दुसरी, संधी मिळताच यंत्राचा प्रोग्रॅम करायला, नव्या भागाची चौकट आणि मर्यादा बसवायला शिकायचं. तिसरी, आयपीसी-ए-610 चं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवायचं. ते दुसऱ्या कारखान्यातही चालतं. यंत्राच्या पडद्यापुढे बसून नुसतं ‘हो-नाही’ म्हणणाऱ्याची जागा भविष्यात पक्की नाही. इशारा का आला हे सांगू शकणाऱ्या माणसाची मात्र प्रत्येक लाइनला गरज आहे, आणि तुमची मुलगी तिथवर पोचण्याच्या अगदी जवळच्या खुर्चीत बसली आहे.